कोल्हापूरच्या हवेत गिंको कसा जगवायचा

कोल्हापूर हे गिंकोचं गाव नाही, हे आधीच सांगून टाकतो. झाड मूळचं चीनचं. तिथे आणि जपान-कोरियात ते रस्त्याच्या कडेला आपल्या गुलमोहरासारखं रांगेनं उभं असतं, पण तिकडे हिवाळा म्हणजे खरोखरचा हिवाळा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा चौदा-पंधराच्या आसपास घुटमळतो. एखाद्या पहाटे तो आणखी उतरला की रंकाळ्यावर फिरायला येणारे कानटोप्या चढवतात आणि 'लई थंडी पडलीया' म्हणत चहाच्या गाडीकडे वळतात. गिंकोच्या हिशेबात ती थंडी धरलीच जात नाही.

तरीही तो इथे जगवता येतो. माझ्याकडे एक आहे. गच्चीवर, निळ्या पिंपात, सहा वर्षांचा, उंची जेमतेम चार फूट. त्याच्याआधीचे दोन मेले. पुढे जे लिहिलंय त्यातलं निम्मं त्या दोघांकडून शिकलेलं आहे.

या झाडाबद्दल वाचायला लागलं की माणूस हरखतो. डायनासोरांच्या काळापासून चालत आलेल्या कुळातली ही एकच जात आज शिल्लक आहे. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा स्फोटाच्या जागेपासून एक-दोन किलोमीटरच्या आतले काही गिंको होरपळूनही पुन्हा फुटले, आणि ते आजही उभे आहेत. असं वाचलं की वाटतं, हे झाड कशानंच मरत नसणार. माझा पहिला गिंको पुनर्वसूच्या पावसात आठ दिवसांत गेला. काळ्या मातीत लावला होता, आळ्यात पाणी तुंबलं, मुळांना हवा मिळेना. वर पानं पिवळी पडली तेव्हा मला वाटलं खत कमी पडलंय, म्हणून मी आणखी खत घातलं.

आपल्याकडे या झाडाला तीन गोष्टी नडतात. जुलैचं साचणारं पाणी, एप्रिल-मेचं दुपारचं ऊन आणि न येणारा हिवाळा. यातलं पाणी सगळ्यात वाईट. उन्हानं पानं करपतात, झाड राहतं. थंडी मिळाली नाही तर ते रुसून बसतं, वाढत नाही. पाणी तुंबलं तर मात्र ते उरत नाही.

लावायच्या आधी अपेक्षा बेताच्या ठेवा

फोटोत दिसतं ते सोनेरी झाड, खाली पिवळ्या पानांचा सडा, तसं इथे होईल असं धरून चालू नका. गिंकोचं पान पंख्यासारखं, बहुतेक वेळा मधोमध चिरलेलं. नावातल्या 'बायलोबा'चा अर्थच दोन पाळ्यांचं. दसऱ्याला चौकात सोनं म्हणून आपट्याची दोन पाळ्यांची पानं लुटणाऱ्या गावाला हे पान आवडणारच. फरक असा की गिंकोचं पान थंड देशात खरोखर सोन्यासारखं पिवळं होतं, आणि सगळी पानं एक-दोन दिवसांत एकदम गळतात. माझ्याकडे डिसेंबरच्या शेवटी थोडी पिवळी होतात, थोडी तपकिरी, काही हिरवीच्या हिरवी लोंबत राहतात. दरवर्षी हमखास पिवळं व्हायला हवं असेल तर बहावा लावा. एप्रिल-मेमध्ये तो शब्द पाळतो.

वाढही अगदी हळू. चांगल्या हवामानातसुद्धा कोवळा गिंको वर्षाला फूटभर वाढला तर पुष्कळ. आपल्याकडे अर्धा फूट वाढला तरी पेढे वाटावेत. चिनी लोक त्याला 'आजोबा-नातवाचं झाड' म्हणतात, म्हणजे आजोबांनी लावायचं आणि नातवानं फळं खायची. तेवढा दम नसेल तर इथेच थांबलेलं बरं.

रोप घ्यावं की बी

नवख्यानं रोप घ्यावं.

आपल्या भागातल्या नर्सरीत हे रोप सहसा मिळत नाही. एका ठिकाणी मला 'गिंको आहे की साहेब' म्हणून जे दाखवलं ते भेरली माडाचं पिल्लू होतं. त्याची पानंही तिरकी, पंख्यासारखी असतात, त्यामुळे तो माणूस फसवत होता की स्वतःच फसला होता हे सांगता येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. गिंकोचं पान उन्हाकडे धरून पाहा. मधली जाड शीर नसते. देठापासून बारीक शिरा निघतात आणि एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा फुटत कडेपर्यंत जातात. त्यांची जाळी होत नाही. पावसाळ्यात विहिरीच्या कडेला, पन्हाळ्याच्या तटबंदीच्या फटीत हंसराज उगवतो, त्याची पानं पाहिली असतील तर गिंकोचं पान लगेच ओळखू येईल. इंग्रजीत गिंकोचं एक नावच हंसराजावरून पडलंय.

रोप मागवायचं ते हिमालयाच्या पायथ्याच्या किंवा पहाडातल्या नर्सरीतून. हिमाचल-उत्तराखंडातले काही जण डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, झाड निष्पर्ण असताना, पार्सलनं पाठवतात. मागवताना 'गिंको बायलोबा' असं पूर्ण नाव लिहून द्या, कारण तोंडी नावांचा गोंधळ फार आहे. कुणी जिंको म्हणतं, कुणी गिंगो. याचं मूळ जुनं आहे. एंगेलबर्ट केम्फर नावाच्या जर्मन वैद्यानं जपानात हे झाड पाहिलं आणि १७१२ साली छापलेल्या पुस्तकात त्याचं नाव जरा विचित्रच अक्षरांत लिहिलं. १७७१ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसनं तेच शास्त्रीय नाव म्हणून कायम केलं. जपानी माणूस झाडाला 'इचो' म्हणतो, म्हणजे हे नाव तिथेही कुणी वापरत नाही.

दीड-दोन फुटांचं रोप पुरे. दोन घ्या, एकाच्या भरवशावर राहू नका. नर-मादीची चिंता नवखे फार करतात, कारण मादी झाडाची फळं पिकून पडली की खवट लोण्यासारखा घाण वास येतो. म्हणून परदेशात 'ऑटम गोल्ड', 'साराटोगा' अशी नर झाडांची कलमंच लावतात. बियांपासून केलेलं रोप नर की मादी हे कळायला वीस-पंचवीस वर्षं सहज जातात. आपल्या हवेत ते फळावर येईल याचीच खात्री नाही, तेव्हा वासाची काळजी आत्ता करू नका. कलम मिळालंच तर त्याची गाठ मातीच्या वर राहील एवढं बघा.

पार्सल आलं की उघडून मुळं तासभर बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवा, तुटकी-काळी मुळं कात्रीनं छाटा आणि त्याच दिवशी कुंडीत लावा. मातीच्या मिश्रणातल्या शेणखत-पेंडीपलीकडे वेगळं खत अजिबात नको. रोप म्हणजे नुसती काठी दिसेल. माझ्या आईनं पहिलं रोप तुरीची तुऱ्हाटी समजून बंबाजवळ नेऊन ठेवलं होतं. जिवंत आहे का हे बघायचं असेल तर साल नखानं किंचित खरवडा. आत हिरवं ओलसर दिसलं की काम झालं. ही नखाची परीक्षा लक्षात ठेवा, पुढे दर हिवाळ्यात लागेल.

बीच लावायची हौस असेल तर

परदेशातून बी मागवू नका आणि कुणी पाहुणा येताना बॅगेत घालून आणतो म्हणाला तरी नको म्हणा. आपल्या देशात बाहेरून बी-रोप आणायला परवानगी आणि तिकडचा रोगमुक्तीचा दाखला लागतो. ऑनलाइन 'दुर्मीळ गिंको बिया' म्हणून काळे बारीक दाणे विकले जातात, ते काहीही असेल, गिंको नव्हे. खरं बी पिस्त्याएवढं किंवा थोडं मोठं, गुळगुळीत, पिवळसर पांढरं, आणि कडेला दोन, क्वचित तीन उभ्या धारा असलेलं. खाण्यासाठी उकडून पाकिटात भरलेलं बी मेलेलं असतं, ते उगवत नाही.

पूर्ण सुकलेलं बीही जातं. पाण्यात टाका, तरंगणारी बाजूला काढा, बुडणारी ठेवा. बी झाडावरून पडतं तेव्हा आतला गर्भ पुरता वाढलेला नसतो, म्हणून आधी महिना-दीड महिना ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) घरातल्या साध्या तापमानाला ठेवायचं आणि मग दोन-अडीच महिने फ्रिजमध्ये. फ्रीझरमध्ये नव्हे, खाली भाजीच्या कप्प्यात. कोकोपीट मुठीत दाबलं तर पाण्याचा एखादाच थेंब यावा, एवढंच ओलं. आठवड्यातून एकदा पिशवी उघडून बुरशी आलीय का बघा. आली असेल तर बी धुऊन कोकोपीट बदला. नोव्हेंबरात सुरुवात केलीत तर पेरणी फेब्रुवारीच्या शेवटी-मार्चमध्ये येते.

पिशवीवर मोठ्या अक्षरांत 'खाऊ नये' असं लिहा. हे गमतीनं सांगत नाही. बी दिसतं सुक्यामेव्यासारखं, आणि घरात लहान मुलं असतात. जपान-चीनमध्ये हे बी भाजून-उकडून थोड्या प्रमाणात खातात, पण त्यातलं एक विषारी द्रव्य शरीरातल्या बी-६ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं. जास्त खाल्लं तर झटके येऊ शकतात, मुलांना विशेषतः. शिजवल्यानं ते द्रव्य जात नाही.

पेरताना कुंडी खोल घ्या, कारण पहिलं मूळ सरळ खाली जातं. बी आडवं ठेवून दीड इंच माती. वर जाळी बांधाच, नाहीतर उंदीर एका रात्रीत उकरून नेतात. उगवायला चार ते आठ आठवडे लागतात. बियांच्या डाळिंब्या हरभऱ्यासारख्या मातीतच राहतात आणि वर येतो तो एक बारीक दांडा. मी दहा पेरले, तीन आले.

माती

इथे जरा वेळ काढू, कारण सगळा खेळ इथला आहे.

पंचगंगेच्या काठची काळी माती उसाला सोनं आहे, गिंकोला फास. ओली झाली की फुगते, चिकट होते, हवेच्या जागा बंद होतात. सुकली की आक्रसते आणि भेगा पडताना कोवळी मुळं तुटतात. २०१९ च्या महापुरानंतर ज्यांच्या परसात गाळ बसला त्यांना हे सांगायची गरज नाही. तिथे महिनोन्महिने खालचा थर निथळला नव्हता. कुंडीत तर काळी माती चिमूटभरही नको.

आपल्याला हवी ती पश्चिमेकडची तांबडी माती, जांभ्या दगडाची, थोडी भरड. माझं प्रमाण असं: दोन घमेली तांबडी माती, एक घमेलं जाड वाळू, एक घमेलं जुनं, चाळलेलं शेणखत, वर दोन मुठी निंबोळी पेंड. वाळू म्हणून हल्ली क्रश सँड मिळते. ती तशीच वापरली तर तिच्यातली दगडाची भुकटी खाली बसून सिमेंटसारखा थर होतो. आधी बादलीत घालून दोन-तीनदा धुवा, गढूळ पाणी ओतून द्या, उरेल ती वापरा. तेही नको असेल तर बारीक मुरूम चाळून घ्या.

भरून झाल्यावर एक तांब्या पाणी ओता. मिनिटभरात खालून ठिबकायला लागलं पाहिजे. वर डबकं करून थांबलं तर सगळं उपसून आणखी वाळू घाला. कंटाळा येतो, पण जुलैत रडण्यापेक्षा बरं.

शेणखताबद्दल एक कटू अनुभव. दुसरा गिंको मी याच मापानं लावला होता, फक्त शेणखत अर्धकच्चं होतं, उकिरड्यावरून थेट आणलेलं. पावसाळाभर झाड छान दिसलं. ऑक्टोबरात पानं मलूल झाली, काठी हलवून पाहिली तर सरळ हातात आली. खाली मुळं नव्हतीच. मातीत इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या पांढऱ्या जाड अळ्या, हुमणी. ऊस असलेल्या प्रत्येक गावाला ती ठाऊक आहे, मला कुंडीत ती येईल असं वाटलं नव्हतं. तेव्हापासून शेणखत आधी प्लास्टिकवर उन्हात पसरतो, अळ्या वेचतो, चाळतो आणि मगच वापरतो. शेजारचे तात्या म्हणतात, 'एवढं निवडून तर मी तांदूळबी घेत न्हाई.' म्हणू देत. हुमणीवर मेटॅरायझियम नावाची बुरशी पावडर कृषी सेवा केंद्रात मिळते, पावसाळ्याच्या सुरुवातीला ती मातीत मिसळलेली चांगली.

हुमणी सोडली तर या झाडाला कीड फारशी लागत नाही. मावा, तुडतुडे वगैरे गिंकोच्या वाट्याला सहसा जात नाहीत, त्यामुळे फवारण्यांचा खर्च वाचतो.

कुंडी, पिंप आणि गच्ची

पहिली तीन वर्षं कुंडीतच ठेवा, जमिनीत घाई नको. कुंडीत असलं की पावसात वळचणीखाली ओढता येतं, उन्हात सावलीला सरकवता येतं. सुरुवातीला बारा इंची, मग अठरा इंची, आणि नंतर दोनशे लिटरचं निळं पिंप आडवं कापून निम्मं. पिंप जुन्या बाजारातून घेताना आधी त्यात काय भरलेलं होतं ते विचारा, वास घेऊन बघा, साबणानं दोनदा धुवा. तळाला बोटभर रुंदीची आठ-दहा भोकं, आणि तळापासून दोन इंच वर चारी बाजूंनी आणखी चार. ही वरची चार भोकं मी उशिरा पाडली. स्लॅबला टेकून तळाची भोकं बुजतात तेव्हा तीच वाचवतात. पिंपाखाली विटा ठेवा म्हणजे पाणी निघतं आणि तापलेला स्लॅबही थेट लागत नाही.

मे महिन्यात निळं प्लास्टिक हात लावू देत नाही एवढं तापतं. आतली मुळं बाजूला चिकटून असतात, ती भाजतात. बाहेरून गोणपाट गुंडाळा नाहीतर चुना मारा. मी गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधतो. दिसायला वाईट दिसतं, पण झाड खूश असतं.

जागा अशी निवडा की सकाळचं ऊन दहा-साडेदहापर्यंत मिळावं आणि दुपारी भिंतीची किंवा मोठ्या झाडाची सावली यावी. म्हणजे घराची पूर्व बाजू. पश्चिमेच्या भिंतीला लागून कधीच नको. ती भिंत रात्री नऊपर्यंत गरम असते.

जमिनीत लावायचं असेल तर

आधी पाणी निथळतं का ते बघा. दीड फूट खड्डा काढा, पाण्यानं काठोकाठ भरा, मुरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार तासांत गेलं तर जागा बरी. सकाळीही तसंच दिसत असेल तर खड्ड्याचा नाद सोडा आणि उंचवटा करा: पाच-सहा फूट रुंद, दीड-दोन फूट उंच, खाली विटांचे तुकडे आणि मुरूम, वर तांबडी माती. झाड त्या ढिगाच्या माथ्यावर. पाणी बाहेर जायला एका बाजूला छोटा चर.

सगळे मृगात झाडं लावतात. गिंको मात्र जानेवारीच्या शेवटी, पानं गळलेली असताना लावावा. मुळं हलवल्याचा त्रास तेव्हा कमी होतो आणि मोठ्या पावसाला तोंड देण्याआधी त्याला बूड धरायला चार-पाच महिने मिळतात. कुंडीतून काढताना मुळं गोल फिरलेली दिसली तर बोटांनी मोकळी करा. खोडाचा जो भाग कुंडीत मातीवर होता तो इथेही मातीवरच राहिला पाहिजे. आधाराला काठी, सैल सुतळीनं आठच्या आकड्यात बांधलेली. घरापासून पंधरा फूट तरी लांब, आणि वर विजेच्या तारा नकोत. आत्ता हसू येईल, पण मानवलं तर हे झाड पाच-सहा मजल्यांएवढं होणारं आहे.

पन्हाळ्याला कुणी नात्यातलं राहत असेल तर मी म्हणेन झाड तिकडेच द्या. तिथे हवा आपल्यापेक्षा थंड आणि जमीन जांभ्याची, निथळणारी. वाऱ्याला आडोसा मात्र करावा लागेल.

वर्षभर काय करायचं

फेब्रुवारीच्या मध्यापासून डोळे फुगायला लागतात. तेव्हा वरची दोन इंच माती खुरप्यानं हलवून दोन मुठी गांडूळखत घाला. कुठल्या वर्षी फूट मार्च संपेपर्यंतही येत नाही, अर्धी फांदी फुटते आणि अर्धी तशीच राहते. पुरेशी थंडी न मिळाल्याचं हे लक्षण आहे. घाबरून पाणी वाढवू नका. नखाची परीक्षा करा, हिरवं असेल तर थांबा. काही वर्षी झाडाला नवी फांदी येतच नाही, नुसत्या जुन्या गाठींवर चार-चार पानांचे झुबके येतात. तेही चालतं. शेंडा मात्र कापू नका.

एप्रिल-मे म्हणजे सावली आणि आच्छादन. पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट, आणि बुंध्यापासून चार बोटं जागा सोडून उसाचं पाचट तीन इंच. पाचट आपल्याकडे रानात जाळून टाकतात, कुणाही शेतकऱ्याकडे मागा, पोतंभर मिळेल. पाणी ठरावीक दिवशी न देता बोट घालून द्या: दोन पेरं बोट कोरडं लागलं की पोटभर पाणी, नाहीतर नाही. पिंपाला हे साधारण दोन-तीन दिवसांनी येतं, जमिनीतल्याला आठवड्यानं. पानांच्या कडा तपकिरी झाल्या तर ते बहुधा ऊन किंवा बोअरचं क्षाराचं पाणी असतं. मातीवर पांढरी पापडी दिसली की बोअरचं पाणी बंद करून नळाचं घाला.

मृग लागला की शेडनेट काढा, पाचट बाजूला सारा आणि दुसरं, शेवटचं खत द्या. यानंतर पुढच्या फेब्रुवारीपर्यंत खत नाही. गणपतीत घातलेलं खत कोवळी फूट आणतं आणि झाड झोपायला तयार होत नाही.

आर्द्रा ते आश्लेषा डोळ्यांत तेल घालून बघायचं. रोज सकाळी पिंपाखाली वाकून पाणी निघतंय का बघा. भोकं बुजली असतील तर तार घालून मोकळी करा. सलग चार दिवस झड लागली तर कुंडी वळचणीला ओढा, मोठं पिंप एका बाजूला वीट घालून तिरकं करा. जुलैत पानं पिवळी पडली तर खत नाही, पाणी नाही. माती उकरून हवा द्या. हे मी कुंडीजवळच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय.

ऑक्टोबर हीटमध्ये पुन्हा आठ-दहा दिवस पाणी लागतं, आणि मग येतो या सगळ्यातला अवघड भाग: झाडाला झोपवणं. डाळिंबाला बहार धरण्यासाठी बागायतदार ताण देतात ना, तसाच, पण हलका ताण इथे द्यायचा. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी हळूहळू कमी. पानं गळाल्यावर पिंपाला बारा-पंधरा दिवसांनी एकदा, माती धुळीसारखी होऊ नये एवढंच. कुंडी भिंतीपासून लांब, उघड्या आभाळाखाली, जिथे रात्रीचं दव पडतं तिथे. रस्त्याच्या दिव्याचा उजेड रात्रभर त्यावर पडत असेल तर जागा बदला. उजेडानं पानं गळायला उशीर होतो. अडून बसलेली हिरवी पानं मी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हातानं खुडतो. कुणी म्हणेल असं करू नये. माझ्या झाडाला त्यानंतर फूट जास्त सारखी आली, म्हणून मी करतो.

दर दोन-तीन वर्षांनी याच काळात कुंडी बदलायची. बाहेरची फिरलेली मुळं पाव भाग छाटली तरी चालतात.

पानं मागायला येणारे

झाडाची बातमी गल्लीत गेली की कुणीतरी येणारच. 'स्मरणशक्तीला चांगलं असतं म्हणे, चार पानं द्या की, काढा करतो.' देऊ नका. औषध म्हणून जो अर्क विकतात त्यातून जिंकगोलिक आम्लं नावाची त्रासदायक द्रव्यं बहुतांशी काढून टाकलेली असतात. घरच्या काढ्यात ती राहतात. ही आम्लं काजूच्या टरफलातल्या तेलाच्या नात्यातली. आजरा-चंदगडकडच्यांना काजू सोलताना हात कसे उततात हे माहीत आहे, बिब्बा उतलेला तर सगळ्यांनीच पाहिलाय. गिंकोच्या पिकलेल्या फळाचा गर हाताला लागला तर तसंच होतं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर याच्यापासून लांबच राहावं. आणि स्मरणशक्तीचं म्हणाल, तर अमेरिकेत तीन हजारांवर वृद्धांना कित्येक वर्षं गिंकोचा अर्क देऊन पाहिला होता. २००८ साली त्याचा निष्कर्ष छापून आला: विसरभोळेपणाचा आजार त्यानं टळला नाही. आमच्या मागच्या गल्लीतल्या आक्कांना मी एवढं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'मग लावलास कशाला?' त्यांना गच्चीवर नेऊन पान उन्हाकडे धरून दाखवलं. दोन पानं पुस्तकात ठेवायला घेऊन गेल्या.

माझं पिंप आता मुळांनी भरलंय, खालच्या भोकांतून पांढरी टोकं दिसायला लागलीत. यंदा जानेवारीत त्याला बाहेर काढायचं आहे. उलटं करून निघेल असं वाटत नाही, पिंपच उभं कापावं लागणार. गल्लीत कुणाकडे ग्राइंडर आहे का, ते विचारून ठेवतोय.